पणजोबांची तलवार विकायची आहे, पण किंमत कुणी सांगायची?

पत्र

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. पणजोबा इंग्रजांच्या काळात मराठा पलटणीत सुभेदार होते, पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले होते, असं घरात सांगतात. त्यांची तलवार ट्रंकेत असते, खंडेनवमीला पूजेसाठी बाहेर काढतो. सरळ पातं, मुठीवर पोलादी जाळी, जाळीत मुकुट आणि इंग्रजी अक्षरं. मुठीजवळ पात्याच्या पाठीवर पाच आकडी नंबर आहे, ४६ने सुरू होणारा. थोरले चुलते म्हणतात, पातं शिवकाळातलं आहे, मूठ तेवढी इंग्रजांनी बदलली. घराचं छप्पर बदलायला पैसे हवेत म्हणून विकायचं मनात आहे. एक जुन्या वस्तूंचा व्यापारी घरी येऊन १५ हजार सांगून गेला आणि चुलत्यांच्या हातावर २ हजार इसार ठेवून गेला. इकडे पेपरात रघुजी भोसल्यांच्या तलवारीचे ४७ लाख वाचले. खरी किंमत कुणाकडून काढायची? तलवार घासूनपुसून एसटीने पुण्याला घेऊन येऊ का? फोटो सोबत जोडले आहेत. कृपया नाव छापू नये.

उत्तर

दोन गोष्टी आजपासून करायच्या नाहीत. तलवार घासायची नाही, आणि ती घेऊन एसटीत चढायचं नाही. बाकीचं सगळं सवडीने करता येईल.

एसटीचं आधी सांगतो. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६चे नियम यांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं धारदार हत्यार, जे घरकामासाठी किंवा शेतीसाठी केलेलं नाही, ते शस्त्रच. शिवाय सणासुदीला आणि निवडणुकांच्या तोंडावर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतच असतात. वाढदिवसाचा केक तलवारीने कापणाऱ्या उत्साही मंडळींमुळे आपल्याकडचे पोलीस या बाबतीत आधीच सावध झालेत. स्वारगेटला उतरल्यावर ‘साहेब, पणजोबांची आहे हो’ हे पटवत बसण्याची वेळ येऊ देऊ नका. आपल्या पोलीस ठाण्यात फोटो जोडून एक साधा अर्ज द्या: वारसाने आलेली जुनी लष्करी तलवार घरी आहे, तिची तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यायची आहे, ती ठेवण्या-नेण्याबद्दल आपल्याकडे काय नियम लागू आहेत ते कळवावं. अर्जाची पोच घ्या. आधी एखाद्या वकिलाच्या नजरेखालून घातलात तर उत्तम. तसंही पहिल्या तपासणीला तलवार हलवावी लागत नाही. चांगले फोटो पुरतात.

आता घासण्याबद्दल. अशा तलवारीच्या पात्यावर आम्लाने कोरलेली नक्षी असते, त्यात कारखान्याचं नाव, राजचिन्ह आणि कधी कधी मालकाची आद्याक्षरं असतात. ही कोरणी अगदी उथळ असते. पितांबरी, चिंच, काचपेपर यांतलं काहीही लावलं की पातं चकचकीत होतं आणि अक्षरं पुसट होतात. ती अक्षरं म्हणजेच तुमची निम्मी किंमत. संग्राहकाला काळवंडलेलं पातं चालतं, नव्यासारखं घासलेलं चालत नाही. गावातल्या कुणाकडून धार लावून घेण्याचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तोही काढून टाका. तांबूस गंज हाताला लागत असेल तर मऊ सुती फडक्यावर शिलाई मशिनच्या तेलाचे दोन थेंब घेऊन हलकेच टिपा, त्यापुढे जाऊ नका.

पूजा जरूर करा, फक्त ओलं गंध आणि कुंकू पात्यावर राहू देऊ नका, त्याखाली गंज धरतो. तुमच्या फोटोत मुठीच्या जाळीत वर्षानुवर्षांचं कुंकू घट्ट बसलेलं दिसतंय. तेही आता टोकरून काढू नका, तज्ज्ञ काढेल. म्यान चामड्याचं आहे आणि शिवण उसवलीय. तलवार काढता-घालताना म्यानाभोवती मूठ आवळू नका. पातं शिवणीतून बाहेर येऊन बोटं कापल्याची उदाहरणं आहेत. एरवीही ती म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि पात्याला खातं. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी वेगळी ठेवा.

आता चुलत्यांना वाईट वाटेल असं सांगावं लागतंय. ही तलवार शिवकाळातली नाही, पातंही नाही.

मराठ्यांकडे सरळ पात्यांच्या तलवारी होत्या, यात चुलते बरोबर आहेत. धोप सरळ असायची. फिरंग तर बहुधा युरोपातून आलेल्या पात्याचीच. पोर्तुगीजांच्या मार्फत आणि इतर व्यापाऱ्यांकडून जर्मनी, इटली, स्पेनमधली पाती इकडे येत आणि त्यांवर इथली मूठ चढे. काही पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण किंवा दातेरी चंद्रकोरी असतात. युरोपी कारागिरांची ती छापखूण. तिला इतका मान होता की आपल्याकडचे कारागीरही ती आपल्या पात्यांवर उमटवत, त्यामुळे नुसता लांडगा दिसला म्हणून पातं परदेशी ठरत नाही. पण फिरंगीचं पातं रुंद असतं, मूठ वाटीसारखी पसरट, आत गादी आणि टोकाला वर निघालेला गज. तुमच्या तलवारीचं पातं जेमतेम इंचभर रुंद आहे, मूठ माशाच्या खरखरीत कातड्याची, तिच्यावर तारेचे वेढे. जाळी कापून नक्षी काढलेलं पोलादी संरक्षण, त्यात मुकुटाखाली ‘जी’ आणि ‘आर’ गुंफलेले, मध्ये रोमन पाच. हा ब्रिटिश पायदळ अधिकाऱ्याच्या तलवारीचा १८९७चा नमुना. पातं साधारण साडेबत्तीस इंच भरायला हवं, मोजून पाहा. पाचव्या जॉर्जची कारकीर्द १९१० ते १९३६, म्हणजे जाळी त्याच काळातली. आणि नंबर पात्यावर आहे, जाळीवर नाही. त्यामुळे ‘मूठ तेवढी बदलली’ हा मुद्दाही टिकत नाही.

पात्याच्या पाठीवर नंबर घालण्याची पद्धत लंडनच्या विल्किन्सन कंपनीची. १८५०च्या दशकापासून ती अधिकाऱ्यांच्या तलवारींना क्रमांक देत आली आणि विक्रीच्या वहीत नोंदवत आली. ४६ हजारांच्या घरातला नंबर पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या आसपासचा. जाळीखाली, पात्याच्या मुळाशी, एक छोटी पितळी चकती आणि तिच्याभोवती षट्कोनी तारा दिसतो का बघा. चाचणीत उतरलेल्या पात्याची ती खूण. जुन्या वह्यांवरून नंबराचं वर्ष, आणि नशीब असेल तर पहिल्या ग्राहकाचं नावही निघतं. हे काम परदेशातले अभ्यासक शुल्क घेऊन करतात. मूल्यांकनकाराला हे आधीच सांगा, म्हणजे तो त्याच वाटेने जाईल.

आणि इथे मनाची तयारी ठेवा. वहीत तुमच्या पणजोबांचं नाव नसून कुणा इंग्रज लेफ्टनंटचं नाव निघू शकतं. त्यात चोरीमारी शोधायचं कारण नाही. निवृत्त होताना अधिकारी आपल्या सुभेदाराला तलवार भेट देत. मेलेल्या अधिकाऱ्यांच्या वस्तूंचा पलटणीत लिलावही होई. आणि सुभेदार, जमादार हेही अधिकारीच, त्यांना तलवार बाळगायची असे. या तीनपैकी काय झालं हे तलवार सांगणार नाही, तुमची ट्रंक सांगेल.

म्हणून माझा आग्रह असा की तलवारीआधी ट्रंक तपासा. पदकं असतील तर त्यांच्या कडेवर भिंग धरा. पहिल्या महायुद्धाच्या रुपेरी युद्धपदकाच्या आणि पिवळ्या विजयपदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. निवृत्तिवेतनाचा कागद, सेवामुक्तीचा दाखला, फेट्यातल्या जवानांचा गट-फोटो, मोडीतली पत्रं, यांतलं काहीही टाकू नका. पलटणीचा आकडा मिळाला की पुष्कळ गोष्टी उलगडतात. त्या वेळी मराठा पलटणी अनेक होत्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. १९२२मध्ये त्या एका रेजिमेंटखाली आल्या, तीच आजची मराठा लाइट इन्फंट्री. यांपैकी १०३, ११० आणि ११७ या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत या गावी वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ला सगळं सैन्य तुर्कांच्या हाती गेलं. तिथला ब्रिटिश सेनापती जनरल टाउनशेंडने आपली तलवार पुढे केली तेव्हा तुर्की सेनापती खलील पाशाने ती त्याला परत दिली, पण सुभेदारांशी असा शिष्टाचार कुणी केला असेल असं समजू नये.

मुद्दा असा: पणजोबा कुतच्या वेढ्यात होते असं कागदांवरून निघालं, तर ही तलवार त्या वेळी त्यांच्या कमरेला होती असं म्हणणं अवघड होईल. ती डेपोत मागे राहिली असेल, किंवा नंतर मिळाली असेल. आणि ते वेढ्यात नव्हते असं निघालं, तर वेगळं. चांगला मूल्यांकनकार असेच उलटसुलट प्रश्न विचारतो. ‘अहो, हे तर थेट रणांगणावरचं’ असं पहिल्या पाच मिनिटांत म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

४७ लाखांचं काय, ते आता कळेल. एप्रिल २०२५मध्ये लंडनला सोदबीजच्या लिलावात निघालेली ती तलवार महाराष्ट्र सरकारने ४७ लाख १५ हजार रुपये खर्चून मिळवली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत आणली. ती फिरंग होती, मुठीवर सोन्याची कोफ्तगिरी, म्हणजे पोलादावर बसवलेली सोन्याची नक्षी, आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघुजी भोसल्यांचं नाव, सेनासाहेबसुभा या किताबासकट. नागपूरच्या गादीच्या संस्थापकाचं नाव खुद्द पात्यावर असणं, हे त्या रकमेचं कारण. टिपू सुलतानाची एक तलवार २०२३मध्ये लंडनलाच १ कोटी ४० लाख पौंडांवर गेली, तिथेही पोलादाला पैसे पडले नाहीत. ती कुणाकडून कुणाकडे गेली याची साखळी श्रीरंगपट्टणपासून शाबूत होती. तुमच्या तलवारीच्या जातीच्या, नावगाव नसलेल्या तलवारी इंग्लंडमधल्या लिलावांत काही शे पौंडांना जातात. त्या हजारोंनी बनल्या, हजारोंनी उरल्या.

तेव्हा व्यापाऱ्याचा १५ हजारांचा आकडा ऐकून तुम्ही चिडला असाल, पण आकडा दरोड्याचा नाही. गैर आहे ती त्याची पद्धत: नंबर न तपासता, पदकांची चौकशी न करता, किंमत सांगून लगेच इसार ठेवणं. ज्याला वस्तू विकत घ्यायची आहे त्याने सांगितलेली किंमत ही बोली असते, मूल्यांकन नव्हे. पदकं आणि कागद सोबत असलेली, एका ठरावीक मराठी सुभेदाराची म्हणून सिद्ध झालेली तलवार वेगळ्या भावाने जाते, आणि हे त्यालाही ठाऊक असणार. पदकं वेगळी, तलवार वेगळी असं तुकड्यातुकड्याने विकायला कुणी सांगितलं तर ऐकू नका.

इंग्लंडमधले भाव इंटरनेटवर बघून हिशेब मांडाल, तर आणखी एक अडचण आहे. अशा तलवारींचे हौशी गिऱ्हाईक मुख्यतः तिकडे आहेत, आणि तुम्हाला ती तिकडे पाठवता येणार नाही. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम १९७२नुसार शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, आणि दंड. तुमच्या तलवारीने शंभरी ओलांडली आहे. ठरावीक नमुन्याची लष्करी तलवार ‘पुरावशेष’ ठरते की नाही हे ना तुम्ही ठरवायचं, ना मी. त्याचा निर्णय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देतं, आपल्याकडे त्यांची मुंबई मंडळ कचेरी आहे. तिथे फोटोंसह लेखी विचारून ठेवा. मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा काही प्रकारांची नोंदणी सक्तीची आहे. तलवारीबद्दलही याच पत्रात विचारून टाका. ‘भेटवस्तू म्हणून लंडनच्या भाच्याकडे पाठवू’ असली शक्कल कुणी सुचवली तर त्याला हा परिच्छेद वाचून दाखवा.

देशात विकायला हरकत नाही. पुरावशेषांचा व्यवसाय करायला परवाना लागतो, घरची एखादी वस्तू विकणं हा व्यवसाय नव्हे. पण घेणारा व्यापारी किंवा लिलावगृह असेल तर त्यांच्या परवान्याची प्रत मागा. ती द्यायला खळखळ करणाऱ्याशी पुढे बोलू नका.

आता मूळ प्रश्न, किंमत कुणाकडून काढायची. दोन वेगळी कामं आहेत: वस्तू ओळखणं आणि तिचा भाव सांगणं. ओळखायला संग्रहालयांकडे जा. तुम्हाला जवळचं साताऱ्याचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं शस्त्रदालन. मोडी कागद निघाले तर भारत इतिहास संशोधक मंडळ. पलटणीच्या प्रश्नांसाठी बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. आधी पत्र आणि फोटो पाठवा, थेट जाऊन उभे राहू नका. ही मंडळी वस्तू काय आहे ते सांगतील, किंमत सहसा सांगत नाहीत, आणि तसं न सांगणंच योग्य.

भावासाठी लिलावगृहाचा शस्त्रविभाग किंवा कलावस्तूंचा नोंदणीकृत मूल्यांकनकार. त्याला पहिलाच प्रश्न विचारा: फी ठरावीक की किमतीच्या टक्क्यांत? टक्क्यांत असेल तर नको. दुसरा: तुम्ही स्वतः अशा वस्तू विकत घेता का? घेत असेल तर त्याचं मत ऐका, पण अहवाल दुसऱ्याकडून घ्या. अहवाल लेखी हवा, त्यात मापं, खुणा, दुरुस्त्या, अवस्था, आणि किंमत कशावरून काढली ते हवं. किंमत कशासाठी काढतोय तेही स्पष्ट सांगा. विम्याची किंमत सर्वांत जास्त असते, व्यापारी देतो ती सर्वांत कमी, लिलावातली मध्ये कुठेतरी. विम्याचा आकडा हातात धरून गिऱ्हाइकाशी भांडणारे बरेच जण भेटतात. लिलावात विक्रेत्याचं कमिशन, फोटो, वाहतूक, विमा हे सगळं वजा जातं, म्हणून ‘हातात किती’ हे विचारून घ्या आणि राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली वस्तू विकायची नाही ती रक्कम, लिहून घ्या.

त्याच अहवालात १ एप्रिल २००१ रोजीची किंमतही मागा. वारसाने आलेल्या वस्तूवर भांडवली नफ्याचा कर लागला तर खरेदीची किंमत म्हणून हा आकडा धरता येतो. तो लागतो की नाही हे तुमचा सीए सांगेल.

फोटोंबद्दल. तुम्ही पाठवलेत त्यांत सतरंजी फार सुंदर आलीय, पात्यावरची खूण एकही आलेली नाही. पांढऱ्या चादरीवर, दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. पूर्ण तलवार दोन्ही बाजूंनी, म्यान वेगळं, मूठ, जाळी, पात्याचं मूळ, पाठीवरचा नंबर. पुसट अक्षरांसाठी खोलीत अंधार करून टॉर्च पात्याला समांतर, तिरपा धरा, न दिसणारी अक्षरं उठून येतात. मागे घराची खूण पटेल असं काही येऊ देऊ नका, आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते टाकू नका. तिथून ते कुठे जातील याला धरबंध नाही.

राहिले चुलते आणि इसार. तलवार पणजोबांची, म्हणजे तुमची एकट्याची नाही आणि चुलत्यांचीही एकट्यांची नाही. पणजोबांच्या सगळ्या वारसांची, माहेरी हक्क असलेल्या आत्यांसकट, लेखी संमती असल्याशिवाय विक्री करू नका. छपराचे पैसे आज लागतील, पण भाऊबंदकीचा दावा पुढची वीस वर्षं चालेल. चुलत्यांना मूल्यांकनाच्या वेळी आवर्जून बसवा. तलवार शिवकाळातली नाही हे तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा नंबर आणि वहीची नोंद दाखवणाऱ्या माणसाकडून त्यांनी ऐकलेलं बरं.

आणि ते २ हजार याच आठवड्यात परत करा. रोख नको, त्याच्या खात्यावर पाठवा, आणि ‘सर्व वारसांची संमती नसल्याने व्यवहार ठरलेला नाही, इसार परत’ एवढं मेसेजमध्ये लिहा. त्याला खरंच तलवार हवी असेल तर अहवाल आल्यावर तो पुन्हा येईल, आणि त्या वेळी त्याची बोली इतरांच्या बोलीशेजारी ठेवून बघता येईल.